आतून उघडे, बाहेरून बंद

आमच्या शाळेच्या जुन्या हस्तलिखित अंकांची पाने मी गेल्या वर्षी स्कॅन करून घरच्या एका संगणकावर ठेवली. त्यालाच सर्व्हर करायचे आणि माजी विद्यार्थ्यांनी जगात कुठूनही अंक पाहावेत, असा बेत. त्या अंकांची मुखपृष्ठे काढणारे चित्रकलेचे सर आता नव्वदीत आहेत, परगावी मुलाकडे असतात. त्यांची नजर शाबूत आहे तोवर हे व्हायला हवे होते. घरात पाने झटकन उघडत. सरांकडे मात्र काहीच दिसेना.

नेटवर्कचे काम करणारा एक माजी विद्यार्थी म्हणाला, "बाई, एकेक पायरी तपासू." सर्व्हर घरात उत्तर देतो? देतो. ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर बाहेरून आलेली मागणी सर्व्हरकडे पाठवण्याचा नियम राऊटरच्या फायरवॉलमध्ये आहे? आहे. मग त्याने राऊटरचा बाहेरचा पत्ता वाचायला सांगितला. तो १००.६४ ने सुरू होत होता. "इथेच घोडं पेंड खातंय!"

मी जन्मभर इतिहास शिकवला. साहजिकच या आकड्याचा इतिहास शोधत बसले.

१९९० साली जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी पहिला वेब सर्व्हर चालवला, तो त्यांचा कामाचाच नेक्स्ट संगणक होता. कोणी बंद करू नये म्हणून त्यावर चिठ्ठी चिकटवलेली होती. म्हणजे वेबची सुरुवातच अशी आपल्या टेबलावरून झाली!

पण भिंतींची गरज त्याआधीच कळली होती. २ नोव्हेंबर १९८८ ला रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या 'वर्म'ने हजारो संगणक ठप्प केले. पुढे संस्था आपापल्या जाळ्यांभोवती फायरवॉल उभारू लागल्या.

दुसरी अडचण पत्त्यांची. जुन्या पद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच. म्हणून १९९४ मध्ये एका पत्त्यामागे अनेक यंत्रे ठेवण्याची युक्ती मांडली गेली. आतून गेलेल्या मागणीची राऊटर नोंद ठेवतो, त्यामुळे उत्तर बरोबर परत येते. अनोळखी पाहुणा मात्र कोणाकडे पाठवायचा, हे त्याला नियम करून सांगावे लागते. ३ फेब्रुवारी २०११ ला पत्त्यांचा मध्यवर्ती साठा संपला. एप्रिल २०१२ मध्ये १००.६४ पासूनचा एक गट इंटरनेट कंपन्यांसाठी राखला गेला, म्हणजे अनेक घरे मिळून एका सार्वजनिक पत्त्यामागे.

माझा नियम बरोबरच होता. पण खोलीचे दार सताड उघडे असून उपयोग काय, वाड्याचा दिंडी दरवाजा बंद! आणि त्याची किल्ली कंपनीकडे.

यात कोणाला दोष देऊ? प्रत्येक पाऊल शहाणपणाचेच होते. तरी सगळ्यांचा मिळून परिणाम असा, की घरबसल्या जगाचे वाचणे सोपे झाले, आणि आपल्या घरातून जगाला काही दाखवणे अवघड. इतिहासात असे बरेचदा होते. हक्क कोणी काढून घेत नाही, तो सोयीसोयीने निसटतो.

असो. महिन्याला थोडे जास्त पैसे भरून मी स्वतंत्र पत्ता घेतला. तोच नियम, त्याच दिवशी चालला. संध्याकाळी सरांचा फोन आला.

"बाई, अठ्ठ्याहत्तरच्या अंकावरचा रंग तुमचा संगणक निळा दाखवतोय. तो मोरपंखी होता."

ते पान आता पुन्हा स्कॅन करायचे आहे.