पातळ थरांतील शिस्त

लोखंडाचा तुकडा ७७० अंश सेल्सिअसच्या वर तापविला असतां त्याचें चुंबकत्व नाहींसें होतें. तो निवूं लागला कीं त्यांतील सूक्ष्म चुंबक थव्याथव्यानें एकेका दिशेस तोंड करून उभे राहतात. वस्तुतः त्यांच्या परस्परांवरील प्रभावाला सर्व दिशा सारख्याच. तरीही समुदाय आपण होऊन एक दिशा पत्करतो. ह्यासच शास्त्रज्ञ ‘स्वयंस्फूर्त सममितिभंग’ म्हणतात.

पण ही शिस्त सर्वत्र टिकते काय? इ. स. १९३० मध्यें फेलिक्स ब्लॉख ह्यांनीं ह्या प्रश्नास हात घातला. उष्णतेमुळें सूक्ष्म चुंबकांतून लहरी वाहतात आणि लहर जितकी लांब, तितकी ती उठण्यास ऊर्जा कमी लागते. ठोकळ्यांत अशा लांब लहरींचा वांटा अल्प असतो. एकेरी रांगेंत किंवा एकपदरी थरांत मात्र त्यांचेंच प्राबल्य होऊन शिस्त मोडते. १९६६ मध्यें कॉर्नेल विद्यापीठांतील डेव्हिड मर्मिन व हर्बर्ट वॅग्नर ह्यांनीं चुंबकांविषयीं हें गणितानें सिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं पिअर होहेनबर्ग ह्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यांत घर्षणावांचून वाहणाऱ्या अतितरल हेलियमच्या थरासही हाच निर्बंध लागू केलेला होता.

निरपेक्ष शून्य तापमानाची गोष्ट मात्र निराळी. तेथें उष्णतेच्या लहरी शमतात. शेजारी एकाच दिशेस वळूं पाहतात अशा चुंबकांची एकेरी रांगही तेथें शिस्तींत राहते, कारण तिचें एकूण चुंबकत्व अक्षय्य असतें. शेजारी परस्परविरुद्ध वळूं पाहतात अशा रांगेंत तें तसें नसतें. तिची शिस्त क्वांटमजन्य कंपानेंच मोडते.

मग शून्याच्या वर पातळ थराला कांहींच आशा नाहीं काय? मॉस्कोचे वादिम बेरेझिन्स्की ह्यांनीं आणि १९७३ पर्यंत बर्मिंगहॅम येथील डेव्हिड थाउलेस व मायकेल कॉस्टरलिट्झ ह्यांनीं सिद्धतेचे शब्द नीट तोलून पाहिले. ती निषेध करते तो अमर्याद अंतरापर्यंतच्या शिस्तीचा. हळूहळू क्षीण होत जाणाऱ्या शिस्तीला तिची आडकाठी नाहीं. थंड थरांत उलटसुलट भोवरे जोडीनें बांधलेले असतात आणि प्रवाह अबाधित राहतो; ठराविक तापमानास जोड्या फुटतात आणि तो एकाएकीं लोपतो.

१९७८ मध्यें, सिद्धता जन्मली त्याच कॉर्नेलमध्यें, डेव्हिड बिशप व जॉन रेप्पी ह्यांना हेलियमच्या थरांत हा आकस्मिक लोप मोजतां आला. २०१६ चें नोबेल पारितोषिक थाउलेस, कॉस्टरलिट्झ व डंकन हाल्डेन ह्यांना मिळालें. बेरेझिन्स्की १९८० मध्येंच निवर्तले होते. मर्मिन व वॅग्नर ह्यांची सिद्धता आजही अबाधित आहे. तिनें न मिटलेल्या जागेंतच हें नवें शास्त्र उभें राहिलें.