एकोणीस इंचांचं मशीन टेबलावर आलं, तेव्हा मागे काय राहिलं?

इयरफोन लावलेत ना? चला मग.

क्रांती चौकात उभं राहिलं की इतिहास समोरच असतो. १८५७ मध्ये इथल्या घोडदळाच्या शिपायांनी इंग्रजांविरुद्ध बंड केलं, चौकाच्या नावात तीच आठवण आहे. आजची गोष्ट मात्र चौकामागच्या आमच्या घरातली आहे. माझ्या टेबलावर एक राखाडी खोकं आहे, त्याची.

दोन वर्षांपूर्वी ते मला भंगारात मिळालं. पॉवर सप्लाय, म्हणजे सर्किट तपासताना हवं तेवढं डीसी व्होल्टेज देणारं मशीन. उंची सव्वापाच इंच, वजन असं की रिक्षातून उतरवायला दोघं लागले. समोरची पट्टी बरोबर १९ इंच रुंद आणि दोन्ही टोकांना स्क्रूची भोकं असलेले 'कान'. मी सॉफ्टवेअरवाला. रॅकमधले सर्व्हर रोज वापरतो, पण लांबूनच. एवढं मात्र कळलं की हे मशीन टेबलासाठी बनलेलंच नव्हतं.

आता हे १९ इंच आले कुठून? टेलिफोन एक्स्चेंजमधून. १९२२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने हे माप ठरवलं. एक्स्चेंजमध्ये उपकरणं वाढत होती आणि जागा कमी पडत होती, म्हणून एकावर एक रचायची. उंचीही ठरलेली: पावणेदोन इंच म्हणजे एक 'यू'. माझं मशीन तीन यूचं. शंभर वर्षं झाली, आज डेटा सेंटरमधले सर्व्हरही त्याच मापात बसतात.

मोजमापाची यंत्रं बनवणाऱ्यांची मात्र पंचाईत होती. गिऱ्हाईक दोन प्रकारचं. कॉलेजच्या लॅबला टेबलावरचं मशीन हवं, कारखान्याच्या टेस्टिंग लाइनला रॅकमधलं. म्हणून ह्युलेट-पॅकार्ड एकाच मशीनचे दोन अवतार विकायची, रॅकवाल्याच्या मॉडेल नंबरला शेवटी 'आर'. टेक्ट्रॉनिक्स ते अक्षर पुढे लावायची. पुढे १९६० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्डने असा डबा काढला की पाय लावले तर टेबलावर, पाय काढून कान लावले तर रॅकमध्ये. म्हणजे आज आपण जो जुगाड करतो, तो तेव्हा कंपनीच पेटीत घालून द्यायची!

आपल्याकडेही हे जग होतं. ठाण्यात १९६२ पासून अ‍ॅपलॅब पॉवर सप्लाय आणि टेस्टिंगची यंत्रं बनवायला लागली. आपल्या शहराजवळ चितेगावला व्हिडिओकॉनचे टीव्ही बनायचे. कारखाना कुठलाही असो, लाइन बदलली किंवा बंद पडली की रॅक रिकामे होतात आणि मशीनं किलोवर विकली जातात.

माझ्यापर्यंत ते असंच आलं. मागे तीन स्क्रूची पट्टी होती. मी जुन्या टेबल फॅनची दोन तारांची वायर काढली, दोन स्क्रूंना जोडली आणि टू-पिन लावली. दिवा लागला, पंखा फिरला, मी खूश! तिसरा स्क्रू रिकामा राहिला, त्याकडे लक्षच दिलं नाही.

संध्याकाळी धाकटी बहीण फरशी पुसून आली आणि ओल्या हाताने खोकं सरकवायला गेली. "आई गं!" करून मागे झाली. हाताला झिणझिण्या आल्या होत्या, बाकी काही झालं नाही. पण माझे पाय लटपटले.

दुसऱ्या दिवशी मामा आला. एमआयडीसीत टेस्टिंगला आयुष्य गेलेला माणूस. त्याने मल्टीमीटरचं एक टोक डब्याला आणि दुसरं अर्थिंगला लावलं: शंभराच्या वर व्होल्ट. मला म्हणाला, "रॅकमधून मशीन काढलंस ते बरं केलंस. पण रॅकचं काम आता कोण करणार?"

मग त्याने समजावलं. अशा मशीनच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून डब्यापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. डब्याला अर्थिंग असेल तर तो करंट मुकाट जमिनीत जातो. नसेल तर डबा अधांतरी राहतो, साधारण निम्म्या व्होल्टेजवर. करंट थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागलं. आतली एखादी वायर सोलून डब्याला टेकली असती, तर पूर्ण २३० व्होल्ट! कारखान्यात तो अख्खा सांगाडाच अर्थला जोडलेला होता.

रॅक आणखीही बरंच काही गुपचूप करत होता. वजन तो पेलायचा, म्हणून आम्ही खाली रबरी पाय लावले. पण स्क्रू आखूड घेतले, कारण लांब स्क्रू आतल्या बोर्डला भिडतो. रॅकमध्ये मागे हवा मोकळी असायची, म्हणून मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढलं. आउटपुट मागच्या बाजूला होतं, ते जाड वायरने समोरच्या टर्मिनलवर आणलं. 'सेन्स' नावाचे दोन स्क्रू मोकळेच होते. लोडवर नक्की किती व्होल्टेज पोचतंय, हे मशीनला त्यातून कळतं. ते आउटपुटला जोडले, तेव्हा कुठे मीटरवरचा आकडा खरा झाला. आणि सगळ्यात आधी, थ्री-पिनची वायर.

आमच्या भाषेत याला हिडन डिपेंडन्सी म्हणतात. जुन्या सर्व्हरवर चालणारा कोड नव्यावर कोसळतो, कारण जुना काय काय सांभाळत होता ते कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं.

आता रविवारी जवळच्या कॉलेजची दोन-तीन पोरं त्यांचे प्रोजेक्ट घेऊन येतात. नवं मशीन त्यांच्या बजेटबाहेरचं. एकेकाळी ज्याला फक्त कंपनीचा माणूस हात लावायचा, ते आज सेकंड इयरचा पोरगा वापरतो. मला ही गोष्ट फार आवडते. पण नियम एकच: चालू करायच्या आधी प्लग काढलेला असतानाच मल्टीमीटरने प्लगची जाड पिन आणि डबा तपासायचा. बीप आला तरच पुढे.

तो बीप बहिणीलाही ऐकवला. तरी ती अजून त्या खोक्याला हात लावत नाही, आणि मी तिला आग्रहही करत नाही.

तुमच्या घरात असं जुनं मशीन असेल, तर आधी त्याची पिन मोजा. दोन की तीन? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.