बोगद्यातली जोडबस

विजेची बस कालपरवाची, असं आपण समजतो. मला मात्र अमेरिकेतलं सिएटल आठवतं. तिथे १९९० मध्ये शहराच्या पोटात खास बससाठी बोगदा उघडला. त्यात धूर कोंडू नये म्हणून इटलीच्या ब्रेडा कंपनीच्या साठ फुटी जोडबस आणल्या. मध्ये भात्यासारखा सांधा. रस्त्यावर डिझेल, बोगद्यात डोक्यावरच्या तारेची वीज! पण दोन यंत्रणा वाहणारी ही धूडं फार जड. २००४ पासून हायब्रिड जोडबस आल्या. मग ब्रेडा भंगारात? सगळ्या नाहीत. पन्नासहून अधिक गाड्यांची डिझेल इंजिनं चक्क काढून टाकली आणि निव्वळ विजेवर, उघड्या रस्त्यांवर, त्या २०१६ पर्यंत धावल्या. मला याचंच अप्रूप वाटतं. बोगद्यातून मात्र २०१९ मध्ये बस गेल्याच. तिथे आता फक्त रेल्वे.