पुढची अद्भुत कादंबरी कोणती?

गेल्या उन्हाळ्यात भिलाईस मुलीकडे राहावयास गेलो असता माझ्या नातवाने मला एक प्रश्न विचारला. टॉल्किनचे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ त्याने नुकतेच वाचून संपविले होते. “आजोबा, आता पुढे काय वाचू? एवढीच मोठी हवी, आणि दुसऱ्याच जगात नेणारी हवी.” टॉल्किनच्या त्या महाकथेचा तिसरा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला, त्याच वर्षी २ फेब्रुवारीस भारत व सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. हा निव्वळ योगायोग आहे हे मी जाणतो. पण रात्री कारखान्याच्या बाजूचे आकाश तांबूस दिसू लागले, की माझा नातू त्याला ‘मॉर्डोर’ म्हणत असे. तेव्हा त्याच्यापुरता हा संबंध अगदीच निराधार नव्हता.

मी अर्थातच मराठीकडे वळलो. आपल्याकडे या जातीच्या कादंबऱ्या काही थोड्या झाल्या नाहीत. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ सालची. त्यानंतर सात वर्षांनी नारो सदाशिव रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ आली. या रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत जो खुलासा केला आहे तो मला फार मार्मिक वाटतो. आम्हां हिंदूंच्या विवाहादी चालीरीतीच अशा आहेत, की आमच्या आयुष्यात मनोरंजक असे ना गुण सापडत ना दुर्गुण; रोजचे लिहावे तर त्यात वाचकाचे चित्त रमणार नाही; तेव्हा करमणुकीचे पुस्तक लिहू पाहणाऱ्यास अद्भुताचाच आश्रय करणे भाग पडते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय आहे. वरवर पाहता ही लेखकाची सबब आहे. परंतु ज्या समाजात तरुण-तरुणींची गाठ लग्नाच्या अक्षतांपूर्वी पडतच नसे, तेथे प्रेमकथा लिहावयास बसलेल्या माणसाने अरण्य, राजवाडा आणि ताटातूट यांखेरीज कोठे जावे?

टीकाकारांना मात्र हे मानवले नाही. १८७२ साली काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल व नाटक यांवरील आपल्या निबंधात असंभाव्य कथानकांचा चांगलाच समाचार घेतला. वाचकांनी निबंध ऐकून घेतला आणि पुढची कादंबरी उघडली! कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी आरंभिलेल्या अरबी गोष्टी घरोघर गेल्या, पुढे गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या कथांना मराठी वेष चढविला. आणि नाथमाधवांनी ‘वीरधवल’ लिहिली. नाथमाधव, म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे, शिकारीस गेले असता सिंहगडाच्या कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय अवघे तेविशीच्या घरातले. तेव्हापासून वाचन व लेखन हाच त्यांचा व्यवसाय झाला. अंथरुणास खिळलेल्या माणसाने महाराष्ट्रातील मुलांना घोड्यांवरून दौडत नेले, असे म्हणावयास हरकत नाही.

मी ‘वीरधवल’ मागवून नातवास दिली. त्याने तीस पाने वाचली आणि शब्द अडतात म्हणून बाजूस ठेवली. मला वाईट वाटले, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या पिढीत मराठी घरापुरती उरावी आणि पुस्तकातली परकी व्हावी, ही परप्रांतात राहिलेल्या अनेक कुटुंबांची व्यथा आहे. पण मग माझ्या ध्यानात आले, की मी पुस्तक निवडले ते भाषेसाठी. वाचकाचा विचार मी केलाच नव्हता.

ज्या भूमीत तो वाढतो आहे, तिचा इतिहास मी विसरलो होतो. हा मुलूख १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. याच छत्तीसगडात, पेंड्रा येथून, १९०० साली माधवराव सप्रे या मराठी गृहस्थांनी ‘छत्तीसगढ़ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत नेणारे तेच. भिलाईपासून फारसे दूर नसलेल्या खैरागडास १८९४ साली पदुमलाल पुन्नालाल बख्शी जन्मले. ‘चंद्रकांता’ आणि ‘चंद्रकांता संतति’ यांच्या नादाने हा मुलगा शाळेतून पळाला आणि त्याबद्दल मुख्याध्यापकांच्या छड्या खाल्ल्या, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. ते मुख्याध्यापक पंडित रविशंकर शुक्ल. पुढे १९५६ साली मध्य प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री. आणि तो पळपुटा विद्यार्थी पुढे ‘सरस्वती’चा संपादक झाला.

देवकीनंदन खत्री यांची ‘चंद्रकांता’ १८८८ च्या सुमारास निघाली. ती वाचता यावी म्हणून कितीएकांनी हिंदी शिकून घेतली, अशी तिची ख्याती आहे. खत्री हे चकिया-नौगढच्या जंगलांचे ठेकेदार होते. तेथील पडके किल्ले आणि खोहा त्यांनी आपल्या तिलिस्मात आणल्या. त्यांची चमत्काराची रीतही निराळी. दार आपोआप उघडते, पुतळा हात हलवितो. परंतु पुढे कळते, की आत कळ होती, दोरी होती, एखादे औषध होते. लोखंड आणि यंत्रे यांच्या नगरीतील मुलास हे रुचेल, असा मी कयास बांधला.

नातवाचा पहिला प्रश्न व्यवहारी होता: “पूर्ण झाली आहे ना?” जॉर्ज मार्टिन यांच्या मालिकेचा पाचवा खंड २०११ साली आला आणि सहाव्याची वाट पाहण्यात कितीतरी वाचकांची उमेदीची वर्षे गेली, त्या अनुभवाने तो सावध झाला होता. मी सांगितले, की ‘संतति’चे चोवीस भाग पुरे आहेत. ‘भूतनाथ’ मात्र १९१३ साली लेखक वारल्यामुळे अर्धी राहिली. ती पुत्र दुर्गाप्रसाद यांनी पुरी केली. वडिलांचे तिलिस्म मुलाने उलगडावे, ही गोष्ट त्याला कादंबरीइतकीच आवडली.

आज तो ‘संतति’च्या सातव्या भागात आहे. ‘वीरधवल’ त्याच्या फळीवर, तिसाव्या पानाशी खूण घातलेली, तशीच आहे. मागील आठवड्यात मात्र दूरध्वनीवरून त्याने मला विचारले, “आजोबा, ते नाथमाधव कड्यावरून पडले, तो गड अजून आहे का? तिथे जाता येतं?”

दिवाळीच्या सुटीत पुण्यास ये, असे मी त्याला कळविले आहे.