इंट्राकोस्टल वॉटरवे (अटलांटिक)

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगतचा, वाळूच्या लांबट बेटांच्या आडोशाने जाणारा जलमार्ग. खाड्या, नद्या आणि त्यांना जोडणारे कालवे मिळून तो बनला आहे. मैलांची मोजणी व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोकपासून सुरू होते. तिथून मायामी सुमारे १,०९० मैल (१,७५० किमी). हे मैल जमिनीवरचे, सागरी नव्हेत, आणि नवखे हिशेबात हमखास इथे चुकतात. देखभाल अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाकडे आहे.

किनाऱ्याच्या आतून सलग जलमार्ग काढण्याची योजना अर्थमंत्री अल्बर्ट गॅलाटिन यांनी १८०८ च्या अहवालात मांडली. कारण उघड होते : केप हॅटरसपुढच्या वाळूच्या दांड्यांनी इतकी जहाजे गिळली की त्या पट्ट्याला ‘अटलांटिकचे कब्रस्तान’ म्हणतात. १९४२ मध्ये जर्मन पाणबुड्या किनाऱ्यालगत मालवाहू जहाजे बुडवू लागल्या, तेव्हा या आतल्या वाटेचे मोल पुन्हा कळले. आता मालवाहू बार्जेस कमी, हौशी बोटी जास्त. गाळ उपसण्याचा निधी मात्र मालवाहतूक पाहून ठरत आल्याने हौशींच्या वाट्याला उथळ पाणी येते. नॉरफोकपासून फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट आणि पुढे मायामीपर्यंत १० फूट ही खोली बऱ्याच ठिकाणी कागदावरच उरली आहे.

नॉरफोकहून निघताना दोन वाटा फुटतात. त्यांपैकी डिस्मल स्वॉम्प कालवा १७९३ पासून खणला गेला आणि १८०५ मध्ये खुला झाला. दलदलीत उभे राहून तो खणणारे बहुतेक मजूर कृष्णवर्णीय गुलाम होते. त्याच दलदलीच्या आतल्या भागात पळून आलेले गुलाम लपूनही राहत. आज दोन जलपाश ओलांडून आत गेले की दोन्ही काठांची झाडे माथ्यावर झुकतात आणि टॅनिनमुळे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. बोटीच्या नाळेवर त्याचा तपकिरी डाग बसतो. दक्षिणेला जाऊन आल्याची खूण म्हणून काही जण तो मुद्दाम घासत नाहीत.

शरद ऋतूत उत्तरेकडच्या बोटी थंडी चुकवण्यासाठी दक्षिणेकडे निघतात. अशा प्रवाशांना ‘स्नोबर्ड’ म्हणतात. चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असल्याने अनेक विमा कंपन्या ठरावीक तारखेआधी दक्षिणेकडे उतरू देत नाहीत, त्यामुळे सगळे एकदमच निघतात. शिडाच्या बोटीही अरुंद पात्रात बहुधा इंजिनावर चालतात. दिवसाला पन्नासेक मैल धरले तरी मायामी गाठायला तीनेक आठवडे जातात. उघडणारे पूल बरेचदा ठरलेल्या वेळीच उघडतात. चुकले की पुढच्या वेळेपर्यंत प्रवाहाशी झुंजत जागीच घिरट्या घालायच्या. अनोळखी बोटींची सोबत जमते ती या ताटकळण्यातून.

मित्रमंडळी संध्याकाळी एकाच बोटीच्या नांगरावर बोटी कुशीला कूस लावून बांधतात, मध्ये रबरी फेंडर सोडतात. जेवण एकत्र होते, पण झोपण्यापूर्वी शहाणे लोक दोर सोडून वेगळे होतात. मध्यरात्री वारा फिरला तर बांधलेल्या बोटी एकमेकींवर आदळतात. ओलांडून जाण्याचीही रीत आहे. वेगवान बोटीने वेग कमी करायचा हे सर्वांना कळते. पण पुढच्या बोटीनेही त्याहून मंद व्हावे लागते, नाहीतर मागची पुढे जाणार कशी? हे न जमल्याने लाटेत कपबश्या फुटतात आणि रेडिओवर भांडणे होतात.

दक्षिणेकडे जाताना लाल खुणा उजवीकडे, म्हणजे मुख्य भूमीच्या बाजूला ठेवतात. बंदराच्या नदीपात्रात हे रंग उलटू शकतात, म्हणून खुणांवरचा पिवळा त्रिकोण उजवीकडे आणि पिवळा चौकोन डावीकडे ठेवणे हाच खरा आधार. जॉर्जियात भरती-ओहोटीचा फरक सात ते नऊ फूट. ओहोटीत रुतलेली बोट सहसा पुढच्या भरतीलाच सुटते. स्थिर पुलांची उंची साधारण ६५ फूट, पण मायामीतला ज्युलिया टटल पूल ५६ फुटांचाच. उंच डोलकाठीवाल्यांना त्याआधी बाहेर समुद्रात पडावे लागते.

वाटेत एकाच स्पेलिंगची दोन गावे लागतात : नॉर्थ कॅरोलिनातले ‘बोफर्ट’ आणि सुमारे ३३० मैल पुढे साउथ कॅरोलिनातले ‘ब्यूफर्ट’. मित्रांना भेटीचे ठिकाण लिहून कळवताना राज्याचे नावही लिहावे लागते.