टेक्सासमधील स्पॅनिशभाषक मुलांची शाळा

१८४८ च्या तहाने रिओ ग्रांदे नदी ही अमेरिका आणि मेक्सिको यांची सीमा ठरली. नदीच्या उत्तरेला, टेक्सासमध्ये, पिढ्यान्‌पिढ्या राहणारी स्पॅनिशभाषक कुटुंबे अमेरिकेची नागरिक झाली. पण सरकारी शाळेत त्यांच्या मुलांना बरोबरीची जागा मिळाली नाही. ती मिळवायला शंभराहून अधिक वर्षे लागली. या काळात बहुतेक वेळा समाजाने आधी स्वतःच्या बळावर काही करून दाखवले आणि मग सरकारला त्याची जबाबदारी घ्यायला लावली.

पहिला प्रयत्न ‘एस्कुएलिता’ म्हणजे छोट्या खाजगी शाळांचा होता. पालक वर्गणी काढून शिक्षक ठेवत आणि मुलांना स्पॅनिशमधून लिहिणे, वाचणे, हिशेब व इतिहास शिकवत. हेब्रनव्हिल गावात १८९७ मध्ये निघालेले कोलेहिओ आल्तामिरानो हे त्यातले नावाजलेले उदाहरण. पालकांच्या आधारावर ते साठ वर्षे चालले. १९११ मध्ये लारेडो येथे भरलेल्या मेक्सिकन समाजाच्या पहिल्या परिषदेतही मुलांच्या शिक्षणाचा प्रश्न अग्रभागी होता.

सरकारी शाळांचे चित्र वेगळे होते. १९१८ च्या राज्य कायद्याने इंग्रजीखेरीज अन्य भाषेतून शिकवणे हा शिक्षकासाठी गुन्हा ठरवला. अनेक गावांत ‘मेक्सिकन शाळा’ वेगळी असे. मेक्सिकन मुलांना वेगळे बसवावे असा राज्याचा कायदा नव्हता; स्थानिक शाळा मंडळांनीच हा रिवाज पाडला आणि त्यासाठी भाषेचे कारण पुढे केले. इंग्रजी येत नाही म्हणून मुलांना पहिलीतच दोन-तीन वर्षे बसवून ठेवत. कापूस वेचणीच्या हंगामात शेतमजूर कुटुंबांची शाळा बुडे, ती वेगळीच.

१९२९ मध्ये कॉर्पस क्रिस्टी येथे ‘लीग ऑफ युनायटेड लॅटिन अमेरिकन सिटिझन्स’ म्हणजे लूलॅक ही संघटना स्थापन झाली. डेल रिओ गावातील पालकांच्या वतीने तिने लढवलेल्या खटल्यात १९३० साली अपील न्यायालयाने सांगितले, की निव्वळ वंशावरून मुलांना वेगळे बसवता येणार नाही. मात्र भाषेच्या कारणाने तसे करण्याची मुभा ठेवली. या पळवाटेने रिवाज तसाच राहिला. १९३४ मध्ये सॅन अँटोनियोत व्यापारी एलेउतेरियो एस्कोबार यांच्या पुढाकाराने शाळा सुधारणेसाठी संस्था उभी राहिली. शहराच्या मेक्सिकन वस्तीच्या पश्चिम भागात सुमारे १२ हजार मुलांसाठी ११ प्राथमिक शाळा आहेत आणि उरलेल्या शहरात तेवढ्याच मुलांसाठी २८, हे तिने आकड्यांनिशी मांडले.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी या लढ्याला जोर दिला. डॉ. हेक्टर गार्सिया यांनी १९४८ मध्ये ‘अमेरिकन जीआय फोरम’ काढला. त्याच वर्षी डेल्गाडो खटल्यात संघराज्याच्या न्यायालयाने मेक्सिकन मुलांना वेगळे ठेवणे घटनाबाह्य ठरवले. तरीही पहिलीत भाषेच्या चाचणीवरून वेगळा वर्ग घेता येईल, अशी सवलत राहिलीच. अडचण पुन्हा पहिलीच्या उंबरठ्यावर येऊन थांबली.

त्यावर उपाय निघाला तो ‘चारशे शब्दांच्या छोट्या शाळे’चा. लूलॅकचे अध्यक्ष फेलिक्स तिहेरिना हे ह्यूस्टनमधील उपाहारगृहांचे मालक होते. पहिलीत जाण्यापूर्वी मुलाला रोजच्या वापरातले चारशे इंग्रजी शब्द येत असतील तर ते नापास होणार नाही, असा त्यांचा विश्वास होता. १९५७ च्या उन्हाळ्यात गनाडो या लहान गावात पहिला वर्ग सुरू झाला. शिकवायला सतरा वर्षांची इसाबेल वेर्वेर ही मुलगी पुढे आली. सुरुवातीला मोजकीच मुले आली; तिने घरोघरी जाऊन पालकांना समजावले, तेव्हा वर्ग भरला. खर्चाचा भार तिहेरिना यांनी स्वतःच्या खिशातून उचलला. ही मुले पहिलीत चांगली उतरली आणि पुढच्या वर्षी आणखी गावांत वर्ग निघाले.

देणगीवर सगळे राज्य चालणार नाही, हे लूलॅकने ओळखले होते. गनाडोचा दाखला घेऊन तिने विधिमंडळाकडे पाठपुरावा केला आणि १९५९ मध्ये इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी शाळापूर्व उन्हाळी वर्गांचा कायदा झाला. खर्चाचा ८० टक्के वाटा राज्याचा आणि २० टक्के शाळा जिल्ह्याचा, असे ठरले. १९६० च्या पहिल्याच उन्हाळ्यात १५ हजारांहून अधिक मुले या वर्गांत बसली.

मात्र या योजनेत मुलाची स्पॅनिश कुठेच जमेला धरलेली नव्हती. ही उणीव पुढच्या दशकात भरून निघू लागली. टेक्सासचे सिनेटर राल्फ यारबरो यांच्या प्रयत्नांतून आलेल्या द्विभाषिक शिक्षणाच्या कायद्यावर जानेवारी १९६८ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केली. कोटुला गावातील मेक्सिकन शाळेत त्यांनी तरुणपणी शिकवले होते. १९६९ मध्ये टेक्सासने १९१८ ची बंदी उठवली. त्याच वर्षाअखेरीस टेक्सासमधील क्रिस्टल सिटीच्या विद्यार्थ्यांनी द्विभाषिक शिक्षणासारख्या मागण्यांसाठी शाळेवर बहिष्कार टाकला. १९७३ मध्ये एका इयत्तेत इंग्रजी पुरेसे न येणारी २० किंवा अधिक मुले असतील, तर द्विभाषिक वर्ग चालवणे शाळा जिल्ह्याला सक्तीचे झाले.

दुसरा प्रश्न पैशांचा होता. मे १९६८ मध्ये सॅन अँटोनियोच्या एजवुड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी मोडक्या इमारती आणि अप्रशिक्षित शिक्षक यांच्याविरुद्ध वर्गाबाहेर पडले. शाळांचा निधी मालमत्ता करावर अवलंबून असल्याने एजवुडमध्ये कराचा दर जास्त असूनही दर मुलामागे ३५६ डॉलर खर्च होत, तर शेजारच्या सधन अलामो हाइट्समध्ये ५९४. पालक देमेत्रियो रॉड्रिगेझ आणि इतरांचा दावा १९७३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळला. पालक थांबले नाहीत. १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ही निधीव्यवस्था राज्यघटनेविरुद्ध ठरवली.

न्यायालयाबाहेरही भागीदारी आकार घेत होती. चर्चच्या आधाराने १९७४ मध्ये सॅन अँटोनियोत उभ्या राहिलेल्या कॉप्स या संघटनेने पालकांना शाळेच्या कारभारात बोलायला शिकवले. १९८८ मध्ये तिच्या सहभागातून नगरपालिका, उद्योजक आणि शाळा यांची एकत्रित शिष्यवृत्ती योजना निघाली. १९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनी हिस्पॅनिक म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांच्या समाजाच्या शिक्षणासाठी राष्ट्रीय सल्लागार आयोग नेमला. २०१२ मध्ये सॅन अँटोनियोच्या मतदारांनी विक्रीकरात अष्टमांश सेंटची वाढ मान्य केली. त्या पैशांतून शहर चार वर्षांच्या मुलांसाठी पूर्ण दिवसाची बालवाडी चालवते.

२००० मध्ये अमेरिकेतील १६ ते २४ वयोगटातील हिस्पॅनिक तरुणांपैकी सुमारे २८ टक्के शाळा अर्धवट सोडलेले होते. २०१९ पर्यंत हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आले. आज टेक्सासच्या सरकारी शाळांतील निम्म्याहून अधिक मुले हिस्पॅनिक आहेत. म्हणजे हा प्रश्न आता एका समाजापुरता राहिलेला नाही. राज्याची बहुसंख्य मुले कशी शिकतात, याचाच तो प्रश्न आहे. समाजाच्या पदरच्या पैशांवर चाललेले प्रयत्न एका गावापुरते उरले आणि समाजाला न विचारता आखलेल्या व्यवस्थेने मुलांना मागे ठेवले. पालकांचा अनुभव आणि सरकारी तिजोरी एकत्र आली तेव्हाच सुधारणा राज्यभर पोहोचली, हेच या इतिहासातून दिसते.