ऐकून घ्यायचं कुणी?

नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे आणि अर्धं गुजरातमध्ये. फलाटावरच्या घोषणा तिथे मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. जळगावकडून आलेली गाडी इथून सोनगड, व्यारा, बारडोली करत सुरतेच्या दिशेने जाते आणि उधना जंक्शन येण्याच्या थोडं आधी डिंडोली लागते. डिंडोली, लिंबायत, उधना या पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगाव जिल्ह्यांतून आलेल्या खानदेशी माणसांची मोठी वस्ती आहे. कुणी लूमच्या खात्यात काम करतं, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी कापड मार्केटमध्ये. श्रावणात इथे कानबाई बसते, रोट होतात आणि अहिराणीत गाणी म्हटली जातात. चांगलं ऐकता येणं हा स्वभावाचा गुण आहे, मन लावलं की तो कुणालाही साधतो, असं आपण सहज म्हणतो. या वस्तीच्या इतिहासातून मात्र वेगळीच गोष्ट दिसते. ऐकण्याचं कसब इथे भरपूर होतं आणि आजही आहे, पण ते कमावण्याची सक्ती नेहमी एकाच बाजूवर झाली.

तापीच्या खोऱ्यातून सुरतेला जाणारी वाट जुनी आहे. मोगलांच्या काळात बुऱ्हाणपूरचा माल याच वाटेने बंदरावर उतरायचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर ताप्ती व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत पोचली आणि बैलगाडीचा कित्येक दिवसांचा प्रवास एका दिवसावर आला. १ मे १९६० पर्यंत खानदेश आणि सुरत एकाच मुंबई राज्यात होते, त्यामुळे आधी आलेल्यांना आपण परराज्यात चाललो आहोत असं वाटायचं काही कारण नव्हतं. राज्याची हद्द नंतर आली. भाषेची हद्द मात्र पहिल्या दिवसापासून होती. अहिराणीला मराठीची बोली म्हणायचं की नाही, हा वादही जुनाच. ग्रिअर्सनने भारताच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या खंडात खानदेशीला मराठीबरोबर न ठेवता भिल्ली भाषांच्या शेजारी बसवलं, आणि मराठी अभ्यासकांपैकी अनेकांना ते पटलं नाही. वाद पंडितांनी घातला. कामावर आलेल्या माणसाला मात्र घरात अहिराणी, पोरांच्या शाळेत मराठी, शेटजवळ गुजराती आणि ओडिशाहून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या जोडीदाराशी हिंदी असं रोज चार ठिकाणी कान बदलावे लागले. मालकाला अहिराणी शिकावी लागली नाही. हा कुणाच्या मनाच्या कोतेपणाचा प्रश्न नव्हता. ज्याचं अडतं तो शिकतो, आणि मालकाचं काही अडत नव्हतं.

सुरतेत कृत्रिम रेशमाचे पॉवरलूम वाढले तसा याच कानावर आणखी एक भार पडला. लूम चालवणारा कारीगर यंत्र डोळ्यांइतकंच कानाने ओळखतो. धोट्याच्या येण्याजाण्याचा ताल जरा बदलला तरी कांडी संपत आली, धागा तुटला की धोटा अडकणार आहे, हे त्याला मान वर न करता कळतं. एकाच वेळी अनेक लूम सांभाळायचे तर याशिवाय चालतच नाही. इतकं बारीक ऐकणारी माणसं दुसऱ्या धंद्यांत क्वचितच सापडतील. पण हाच धंदा ऐकणं हिरावूनही घेतो. धोट्याच्या लूमच्या खात्यात आवाज सहज ९५ डेसिबलच्या घरात जातो. भारतातल्या कारखाना नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा धरली आहे आणि ९५ असतील तर चारच तास. सुरतेत पाळी मात्र बारा तासांची चालत आली आहे. ग्लासगोत टॉमस बार यांनी १८८६ साली बॉयलर बनवणाऱ्या शंभर कामगारांचे कान तपासले, तेव्हा एकाचीही श्रवणशक्ती निकोप निघाली नाही. १९६५ साली डंडीच्या ताग विणणाऱ्या बायकांच्या कानांचीही तपासणी प्रसिद्ध झाली आणि तिथेही वर्षानुवर्षांच्या आवाजाने ऐकू येणं घटलेलं दिसलं. आवाजाने येणारं बहिरेपण १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांच्या यादीत होतं. लँकेशरच्या गिरण्यांत विणकरांनी ओठांच्या हालचालींची एक बोलीच तयार केली होती. सुरतेच्या खात्यातही हातवाऱ्यांवर आणि ओठांवर काम चालतं. सूत, धोटा, पाळी एवढं त्यात निभतं. पगार कमी लागला, हे हातवाऱ्यांनी कसं सांगायचं?

असं गाऱ्हाणं सांगायला मध्ये कुणीतरी लागतं, आणि तो माणूस म्हणजे मुकादम. बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून टोळ्या येतात, त्यांना मुकादम उचल देऊन आणतो. तोडणाऱ्या गटालाच तिथे कोयता म्हणतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी दक्षिण गुजरातच्या या मजुरांवर दशकानुदशकं लिहिलं. मुकादमच तर ऐकतो, मग तक्रार कशाची, असं यावर कुणी म्हणेल. हा आक्षेप हलका नाही. मुकादम बहुधा त्याच मुलखातला असतो, त्याला बोली कळते, घरची अडचण कळते, आणि अडीनडीला तोच उभा राहतो. पण त्याचं कमिशन टोळीच्या कामावर असतं आणि उचलीची वसुली त्याच्याच माथी असते. ज्याला पैसे वसूल करायचे आहेत, त्याच्या कानातून तक्रार पुढे जाताना तिचा आकार बदलतो. मुंबईच्या गिरण्यांत हेच काम जॉबर करायचा. १९३१ च्या व्हिटली आयोगाने जॉबरच्या हातातली सत्ता कमी करायला सांगितलं. १९३४ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने सरकारी लेबर ऑफिसर आला, म्हणजे कामगाराचं ऐकणं हे प्रथमच एका माणसाचं नेमून दिलेलं काम झालं. १९४८ च्या कारखाना कायद्याने पाचशे किंवा अधिक कामगार असतील तिथे कल्याण अधिकारी सक्तीचा केला, आणि औद्योगिक विवाद कायद्याच्या २०१० च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक कामगारांच्या जागी तक्रार निवारण समिती आली, तीत दोन्ही बाजूंचे सारखेच सभासद. सुरतेच्या लूमची मांडणी मात्र लहान लहान खात्यांची. पाचशेचा आकडा तिथे दूरच, आणि एकाच गाळ्यात दोन नावांनी खाती असली की वीसही कागदावर भरत नाहीत.

लहान खात्याच्या बाजूने एक युक्तिवाद केला जातो. तिथे शेट रोज समोर असतो, नावाने हाक मारतो, लग्नाला पैसे देतो. मोठ्या गिरणीतल्या समितीपेक्षा हे ऐकणं जास्त खरं नाही का? ही ओळख खरी असते, कित्येकदा मायेचीही असते. पण तिथे काय ऐकलं जातं ते पाहायला हवं. लग्न, आजारपण, गावाला जायची रजा हे ऐकलं जातं, कारण ते मागणं असतं आणि देणाऱ्याला देता येतं. मीटरचा दर, पाळीचे तास, कानांची तपासणी हा हक्काचा विषय निघाला की तोच माणूस ‘ऐकत नाही’ असा ठरतो. मराठीचा हा शब्द इथे फार काही सांगून जातो. पोरगं ऐकत नाही म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं नाही. ते सांगितलेलं करत नाही. खालच्याचं ऐकणं म्हणजे मानणं. वरच्यापर्यंत गोष्ट न्यायची तर ती आपण ‘कानावर घालतो’, आणि पुढे ‘दाद लागते’ किंवा लागत नाही. ‘ऐकून घेणं’ याचे दोन अर्थ तर एकमेकांसमोर उभे आहेत: कुणाचं म्हणणं शांतपणे समजून घेणं, आणि मुकाट्याने बोलणी खाणं. पहिला अर्थ वरच्याला शोभतो, दुसरा खालच्याच्या वाट्याला येतो. ऐकण्याचा उतार कुणीकडे आहे हे भाषेने आधीच टिपून ठेवलं आहे.

आपल्या परंपरेत श्रवणाचा विचार झालाच नाही असं मुळीच नाही. दासबोधात श्रवणनिरूपणाचे समास आहेत, आणि अठराव्या दशकाच्या शेवटी श्रोत्याची अवलक्षणं सांगितली आहेत. मन भटकणारा, सांगणाऱ्याकडे लक्ष नसलेला श्रोता कसा असतो, हे रामदासांना नेमकं दिसलं होतं. पण तो श्रोता शिकायला बसलेला आहे, बोलणारा त्याच्याहून जाणता आहे. शेट कारीगराचं ऐकतो तेव्हा हे नातं उलटं होतं: लूमचा आवाज, पाळीचा थकवा, धाग्याची प्रत यातलं जाणतेपण कारीगराकडे असतं आणि निर्णय दुसऱ्याच्या हातात. कामाच्या जागी जाणत्याचं अजाणत्याने ऐकायचं असतं, असं मानलं तर रामदासांची अवलक्षणं आज खात्याच्या ऑफिसात वाचण्यासारखी आहेत. त्यासाठी यंत्रांपासून दूर, शांत जागा हवी, ठरलेला वेळ हवा, अहिराणी किंवा ओडिया जाणणारा माणूस हवा आणि सांगणाऱ्याची पाळी तुटणार नाही याची हमी हवी. ही खर्चाची बाब आहे, म्हणूनच ती नुसत्या स्वभावावर सोडून चालणार नाही. सुरत महानगरपालिकेची शिक्षण समिती सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यांत मराठीही आहे आणि ओडियाही. कारीगराचं मूल ज्या भाषेत ऐकतं त्या भाषेत त्याच्याशी बोलायचं, हे या शहराने एका खात्यापुरतं तरी आपलं काम मानलं आहे. लूमच्या खात्यांत ते अजून कुणाचंच काम नाही. रात्रपाळी सुटते, कारीगर डिंडोलीकडे निघतो, कानात धोट्याची खटखट घरापर्यंत राहते, आणि घरी बायको अहिराणीत काही विचारते तेव्हा तिला ते दोनदा विचारावं लागतं.